टोप सगळ्यात शेवटी: खऱ्या संस्कृतीवरून खेळातली रेस घडवताना

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या आणि फासे टाकायच्या खेळांत ‘रेस’ म्हणजे पात्राचा काल्पनिक वंश. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी आपली नवी होमब्रू, म्हणजे घरी रचलेली, रेस वाचायला पाठवतं. पहिल्या पानावर चित्र: डोक्यावर पिसांचा टोप, गळ्यात सोनं, पाठीमागे पायऱ्यांचा पिरॅमिड. दुसऱ्या पानावर ताकद +२. तिसऱ्या पानावर एकच परिच्छेद, ‘यांची संस्कृती साधारण इंका लोकांसारखी आहे’. मग कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींची सलग गोष्ट, सुरू होतं आणि दुसऱ्या सेशनपर्यंत (बैठकीपर्यंत) या लोकांचं काय करायचं हे डीएमलाच, म्हणजे खेळ चालवणाऱ्यालाच, सुचेनासं होतं. दारुडा ड्वार्फ, म्हणजे या खेळांतला ठरीव बुटका, निदान दारू तरी मागतो. ही माणसं टोप घालून नुसती उभी असतात.

वाचन कमी पडलं असं दर वेळी नसतं. घोळ क्रमात असतो. आधी चित्र, मग आकडे, आणि इतिहास शेवटी चिकटवलेला. खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय: अँडीज पर्वतातलं इंका राज्य, म्हणजे तावान्तिन्सुयू, आणि त्यावरून मी घडवलेली ‘होरुक’ ही रेस. तुम्ही दुसरी कुठलीही संस्कृती घेतलीत तरी टप्पे हेच.

## सुरुवातीआधी काय जमवायचं

एक वही, डोंगर-नद्या दाखवणारा त्या प्रदेशाचा नकाशा, आणि निदान दोन आठवडे. राजकीय नकाशा चालणार नाही. सीमारेषा नंतर येतात, आधी चढ-उतार आणि पाणी दिसलं पाहिजे.

वहीत तीन मथळे टाका: ‘अडचण’, ‘तोडगा’, ‘भांडण’. ‘पोशाख’ असा मथळा टाकू नका. मोह होणारच, कारण नेटवर सगळ्यात आधी पोशाखच सापडतो. चित्रं काढणाऱ्या मित्राला अजून फोनही करू नका. त्याने एकदा छान चित्र काढून दिलं की ते बदलायची तुमची हिंमत होत नाही.

## टप्पा १: जागा आणि काळ आवळून घ्या

‘दक्षिण अमेरिकेतले प्राचीन लोक’ ही संस्कृती नव्हे, तो सहलीच्या जाहिरातीचा मथळा झाला. एक प्रदेश आणि पन्नास-साठ वर्षं ठरवा. मी घेतलं: इंकांची राजधानी कुस्को आणि भोवतालचा डोंगरी पट्टा, साधारण १४७० ते १५३०. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट. पुढचं निम्मं काम हा एक आकडाच करतो.

इथली हमखास चूक म्हणजे अॅझ्टेक, माया आणि इंका यांची मिसळ. अॅझ्टेकांची राजधानी आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी होती. तिथून कुस्को सरळ रेषेत साडेचार हजार किलोमीटरांहून लांब. मायांची दक्षिणेकडची मोठी नगरं नवव्या शतकात ओस पडू लागली आणि इंका राज्य फोफावलं ते पंधराव्यात. चित्रातला तो पायऱ्यांचा पिरॅमिड बहुतेक वेळा मेक्सिकोतून आलेला असतो, टोप कुठून आलेला असतो ते देवच जाणे. परदेशी डिझायनरने पेशव्यांच्या पगडीखाली कथकलीचा चेहरा रंगवून त्याला ‘मराठा’ म्हटलं तर आपण काय म्हणू? तेच.

तपासा: ‘यांच्या गावात सकाळी सहा वाजता थंडी किती असते?’ याचं उत्तर देता येत नसेल, तर जागा अजून पुरेशी आवळलेली नाही.

## टप्पा २: सांगणारा कोण आहे ते बघा

इंकांकडे आपल्या अर्थाची लिपी नव्हती. त्यामुळे लेखी वर्णनं जवळपास सगळी १५३२ नंतरची आहेत. त्या वर्षी स्पॅनिश आक्रमक फ्रान्सिस्को पिझारोने काहामार्का इथे राजा आतावाल्पाला पकडलं. लिहिणारे बरेचसे स्पॅनिश सैनिक, पाद्री आणि कारकून. त्यांना सोनं दिसलं, ‘मूर्तिपूजा’ दिसली. शेतातलं पाणी कोण सोडतं हे विचारायची गरज फार थोड्यांना वाटली.

म्हणून निदान एक आवाज आतला शोधा. इथे तो आहे: वामान पोमा दे आयाला. या स्थानिक लेखकाने १६१५च्या सुमारास स्पेनच्या राजाला उद्देशून जवळपास १,२०० पानांचं हस्तलिखित लिहिलं आणि त्यात स्वतःच्या हाताने ३९८ चित्रं काढली. ते आज कोपनहेगनच्या राजग्रंथालयात आहे आणि नेटवर फुकट बघता येतं. स्पॅनिश येत नसेल तरी चित्रं बघा. कोणत्या महिन्यात कोण काय खणतं, कोण काय पेरतं, सगळं त्यात आहे. पण वामान पोमालाही स्वतःची गाऱ्हाणी होती, स्वतःच्या घराण्याचा मोठेपणा सांगायचा होता. इंका राजकन्येचा मुलगा असलेला गार्सिलासो दे ला वेगा याचा ग्रंथ १६०९चा. त्यात आईकडचं राज्य जरा जास्तच गोड होऊन येतं. वाचा, पण हातचं राखून.

थांबा: ज्यांच्याबद्दल वाचताय ती माणसं संपलेली नाहीत. केचुआ भाषा आजही पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर इथे लाखो लोक घरात बोलतात. ‘लुप्त झालेली गूढ जमात’ हे शब्द वहीत असतील तर आत्ताच खोडा.

## टप्पा ३: अडचण आणि तोडगा, जोडीने लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बाकीचं घाईत उरकलंत तरी एक वेळ चालेल, हे नाही.

नियम सोपा आहे. वहीत कोणतीही चाल, वस्तू किंवा विधी एकट्याने येता कामा नये. आधी अडचण, समोर तोडगा. तोडग्यासमोर अडचण सापडत नसेल तर ती नोंद बाजूला ठेवा, ती शोभेची असण्याची शक्यता जास्त. माझ्या वहीतल्या काही जोड्या:

अन्न टिकत नाही, आणि पीक कधी जाईल नेम नाही. तोडगा: चुन्यो. कडाक्याच्या थंडीच्या दिवसांत बटाटे रात्री उघड्यावर पसरायचे. ते गोठतात. दिवसा उन्हात सैल पडतात. मग पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढायचं. असं काही दिवस केलं की हलके, खडखडीत बटाटे उरतात, ते वर्षानुवर्षं टिकतात. आपल्या उन्हाळी वाळवणाचाच हा हिवाळी भाऊ, फक्त उन्हासोबत हिमाचंही काम. (आपल्याकडे ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि पीक निघालं याच अँडीजच्या परिसरातून. तेव्हा वडापाव खाताना इंकांशी नातं अगदीच नाही असं नाही.)

टिकलेलं अन्न ठेवायचं कुठे? तोडगा: कोल्का, म्हणजे सरकारी कोठारं, वारा लागेल अशा उतारावर ओळीने बांधलेली. वानुको पांपा या एका ठिकाणीच सुमारे ५०० कोठारांचे अवशेष आहेत. आपली धान्याची पेवं जमिनीखाली असायची, यांची कोठारं डोंगराच्या अंगावर. हवा वेगळी, म्हणून जागा वेगळी.

नाणी नाहीत, मग कर कसा घ्यायचा? तोडगा: मित. केचुआत या शब्दाचा अर्थच ‘पाळी’. प्रत्येक घराने आपल्या पाळीला राज्याचं काम करायचं: रस्ता, शेत, विणकाम, लढाई. बदल्यात राज्याने जेवू घालायचं, मक्याची बिअर पाजायची. त्याखाली गावपातळीवर आयनी होती: आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. मराठी वाचकाला इथे इरजिक आठवेल, आणि आठवू द्यावं, समज लवकर येते. पण वहीत ‘आयनी म्हणजे इरजिक’ असं लिहून मोकळे होऊ नका. इरजिकीवर कोणी साम्राज्य उभं केलं नाही, आयनीच्या भाषेत इंकांनी वेठ गोड करून मागितली. नेमक्या त्या फरकात गोष्टी दडलेल्या आहेत.

हिशेब ठेवायचा कसा? तोडगा: किपू. एका मुख्य दोरीला लोंबणाऱ्या अनेक दोऱ्या, त्यांवर दशमान पद्धतीच्या गाठी. एकम, दहम, शतम यांच्या जागा ठरलेल्या, आणि रिकामी जागा म्हणजे शून्य. आकडे आज वाचता येतात. गाठींत गोष्टीही बांधल्या होत्या का, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे.

दऱ्या खोल, चाक नाही, आणि लामा २५-३० किलोंहून जास्त ओझं नेत नाही. तोडगा: ३०,००० किलोमीटरांहून मोठं रस्त्यांचं जाळं, टप्प्याटप्प्यावर थांबलेले चास्की नावाचे धावते जासूद, आणि दऱ्यांवर गवताचे पूल. केस्वाचाका इथला असा पूल आपूरिमाक नदीवर आजही आहे. दर जूनमध्ये आजूबाजूच्या वस्त्या एकत्र येऊन गवताचे दोर वळतात, जुना पूल कापून टाकतात आणि नवा बांधतात. आपल्या कोकणातले साकव आठवा, फक्त दरी खूप मोठी आणि दोर दरसाल नवे.

मेलेला राजा गादी सोडतो, पण त्याची मालमत्ता? ती त्याच्याकडेच राहायची. मृत राजाचं शरीर जतन केलं जाई, सणाला चौकात आणलं जाई, त्याला खाऊ-पिऊ घातलं जाई. त्याच्या जमिनी त्याचे बाकीचे वंशज सांभाळत. नव्या राजाला अधिकार मिळे, इस्टेट स्वतः कमवावी लागे.

या सहा जोड्यांत टोप एकदाही आला नाही. तरी एवढ्यावर दहा सेशन चालतील.

तपासा: तोडगा झाकून फक्त अडचण कोणाला तरी वाचून दाखवा. ‘मग हे लोक काय करतात?’ असं त्याने विचारलं, तर नोंद कामाची आहे.

## टप्पा ४: काय उचलायचं नाही ते ठरवा

इथे फार वेळ लागत नाही, पण वगळलात तर नंतर शरमेची पाळी येते. तीन गोष्टींवर काट मारा: ज्या आजही कोणाच्या पूजेत आहेत, ज्यांत खऱ्या माणसांचे देह आहेत, आणि ज्या फक्त धक्का देण्यासाठी तुम्हाला हव्या आहेत.

उदाहरण द्यायचं तर १९९९मध्ये युयायाको ज्वालामुखीच्या माथ्यावर, ६,७०० मीटरांहून उंच, बळी दिलेल्या तीन मुलांचे गोठलेले देह सापडले. ते संग्रहालयात ठेवावेत का, यावरच तिथले स्थानिक लोक नाराज आहेत. ती मुलं तुमच्या खजिन्याच्या यादीत नकोत. राजांच्या जतन केलेल्या देहांमागची मालमत्तेची व्यवस्था घ्या, ममीला ‘चॅलेंज रेटिंग ५’ लावून तिचा मारायचा राक्षस करू नका.

## टप्पा ५: एक गोष्ट मोडा आणि बाकीचं हलू द्या

आता आपलं काही घाला. एकच. चांगली काल्पनिक रेस म्हणजे खऱ्या तोडग्यांना एक खोटी, पण ठाम अडचण मिळणं.

होरुकांसाठी मी ठरवलं: कडाक्याच्या थंडीत झोपले की त्यांचं शरीर गोठून दगडासारखं होतं. मरत नाहीत. पण ऐकू येत नाही, दिसत नाही, आणि कोणीतरी हलवून जागं केल्याशिवाय नीट उठता येत नाही.

एवढं केलं की वहीतल्या जोड्या आपोआप सरकायला लागतात. रात्री कोणी तरी जागं राहिलंच पाहिजे, म्हणून ‘पाळी’ हा कर राहत नाही, जगण्याची अट होते. जागणाऱ्याला दुप्पट खावं लागतं, म्हणून कोठारं. अंधारात बोटांनी वाचता यावं म्हणून हिशेब गाठींत. एखादा दहा वर्षं गोठून राहिला तर तो मेला की झोपला? त्याची जमीन कोणाची? मृत राजांच्या इस्टेटीचा पेच इथे वेगळ्या रूपात परत आला, आणि ममी लागलीच नाही.

हमखास चूक: दोन-तीन गोष्टी एकदम मोडणं. गोठतातही, पंखही आहेत, मनही वाचतात. मग कुठल्या कारणाने काय बदललं हे तुम्हालाच कळत नाही आणि खेळाडूंना सगळंच मनमानी वाटतं. दुसरी चूक याच्या उलटी, काहीच न मोडणं. मग ती रेस राहत नाही, कान टोकदार केलेले पेरूचे लोक होतात, आणि ते फारच वाईट दिसतं.

## टप्पा ६: शरीर एका पानावर, रीत दुसऱ्या पानावर

वहीत नवं पान घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे जे रक्तात आहे ते, उजवीकडे जे शिकवलं जातं ते. गोठणं डावीकडे. विरळ हवेत दम न लागणं डावीकडे. गाठी वाचणं, पाळीचं देणं, कोठाराची शपथ, सगळं उजवीकडे.

खऱ्या इतिहासातून उचललेली प्रत्येक गोष्ट उजवीकडे गेली पाहिजे. यात सूट नाही.

हा आग्रह खेळांतल्या ‘रेस’वरची परदेशी चर्चा वाचून आलेला नाही. १८७१मध्ये ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे त्याचा पसारा वाढला. एखाद्या जमातीत जन्माला आलात म्हणजे जन्मतः गुन्हेगार, हजेरी द्या, हद्द सोडू नका. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला, पण पारध्यांना विचारा तो शिक्का पुसला गेला का. दुसरीकडे त्याच सरकारने सैन्यभरतीसाठी ‘लढवय्या जमाती’ ठरवल्या. आता स्वतःच्या रेसचं पान काढा: ‘स्वभावतः चोरटे, लपण्यात +२’ किंवा ‘जन्मजात लढवय्ये, ताकद +२’. मराठी टेबलावर बसून आपण हे लिहावं?

खेळांचे नियमही इकडेच सरकलेत. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ताकद, चपळाई वगैरेंचे बोनस पूर्वी रेसला चिकटलेले असत. २०२४च्या नियमपुस्तकात ते पात्राच्या पार्श्वभूमीकडे गेले आणि ‘रेस’च्या जागी ‘स्पीशीज’ हा शब्द आला. म्हणजे उजव्या रकान्यासाठी नियमांत आता आयती जागा आहे.

तपासा: होरुकांनी वाढवलेलं माणसाचं मूल घ्या. त्याला उजवीकडचं सगळं येतं, डावीकडचं काहीच नाही. शहरात वाढलेला होरुक घ्या. तो गोठतो, पण गाठी वाचता येत नाहीत. दोन्ही पात्रं खेळावीशी वाटली तर रेघ बरोबर जागी पडली.

## टप्पा ७: घरातलं भांडण लिहा

‘होरुक प्रामाणिक असतात, समूहाला महत्त्व देतात.’ सगळे? आपल्या चार भिंतींत कधी चौघांचं एकमत होतं का?

इथे इतिहास भरभरून देतो. पिझारो आला तेव्हा वास्कार आणि आतावाल्पा या सावत्र भावांचं गादीसाठीचं युद्ध नुकतंच संपत होतं. वांका, कान्यारी, चाचापोया यांसारख्या जिंकलेल्या लोकांनी स्पॅनिशांची बाजू घेतली, कारण कुस्कोची पाळी करून ते कंटाळले होते. काही वस्त्याच्या वस्त्या राज्याने उचलून दूर नेऊन वसवल्या होत्या. बाहेरून ‘इंका’ दिसणारं आतून असं होतं.

‘भांडण’ पानावर निदान तीन वाद लिहा, आणि दोन्ही बाजू शहाण्या ठेवा. माझे तीन: श्रीमंत घरांनी पैसे देऊन दुसऱ्याकडून पाळी करून घ्यावी का? खाली, उबदार मैदानात उतरलेल्या होरुकांना पाळी लागू आहे का, ते तर गोठतच नाहीत? आणि शंभर वर्षं गोठलेल्या मुखियांना अजून जमीन का?

दुसरा वाद टेबलावर सगळ्यात जास्त चालतो. आमच्यापैकी निम्म्यांचे भाऊ-बहीण बाहेरगावी आहेत आणि आई-वडिलांकडे कोणी बघायचं हा विषय घरोघरी आहे, म्हणून असेल.

## टप्पा ८: नावं

खरी केचुआ नावं घेऊन एखाद-दुसरं अक्षर बदलू नका. ‘आतावाल्पो’ नावाचा खलनायक कोणालाच शोभत नाही. देवांची नावं तर नकोतच.

आधी ध्वनी निवडा: सात-आठ व्यंजनं, तीन स्वर. होरुकांसाठी मी ह, र, क, ण, म, स, त आणि अ, ओ, उ घेतले. ख, घ, थ, ध असली अक्षरं नाहीत, जोडाक्षरं नाहीत. त्यातून होरुक, सोणम, तरुक, मोरस. सगळी नावं एकाच घरची वाटतात. मग मोठ्याने, पटकन, पाच वेळा म्हणा. टेबलावर जीभ अडखळली की खेळाडू दहा मिनिटांत टोपणनाव पाडतात आणि तुमचा बारा रात्रींचा खल पाण्यात जातो.

जागांना आणि चालीरीतींना मात्र सरळ मराठी नावं द्या. ‘पाळी’, ‘गोठण’, ‘गाठकरी’. खेळ मराठीत चाललाय, तर अर्थ लगेच कळू दे.

## टप्पा ९: आता नियम

आतापर्यंत फासे बाहेर काढले नसतील अशी आशा आहे. शरीराच्या दोन-तीन, रितीच्या दोन, इतक्याच गोष्टी नियमात आणा. बाकीचं गोष्टीत राहू द्या.

शरीर: विरळ हवेमुळे थकवा येत नाही. थंड जागी रात्रीची लांब विश्रांती घेतली तर पहिले चार तास ‘गोठण’: साध्या शस्त्रांची इजा निम्मी, पण आंधळे, बहिरे, आणि कोणी लढाईतली आपली पूर्ण एक खेळी खर्चून हलवल्याशिवाय उठता येत नाही. गोठण टाळून जागं राहता येतं, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट शिधा.

रीत, जी कोणीही त्या वस्तीत वाढलेला घेऊ शकतो: गाठींचे हिशेब अंधारातही वाचता येतात. आणि ‘पाळीचं देणं’: सोबत्याच्या वाटची रात्रीची राखण केलीत की त्याच्या नावाची एक गाठ तुमच्याकडे जमा होते. पुढे कधीही ती सोडून त्याचा किंवा तुमचा एक फासा पुन्हा टाकता येतो. एका वेळी तीनच गाठी.

थांबा: प्रत्येक नियमासमोर लिहा की तो वहीतल्या कुठल्या जोडीतून आला. येत नसेल तर तो कितीही भारी असला तरी दुसऱ्या रेससाठी ठेवा.

## टप्पा १०: टेबलावर बडवून बघा

एक सेशन, चार खेळाडू, आणि राजवाडा, लढाई, भविष्यवाणी यांतलं काही नाही. एक साधी अडचण द्या: पूल तुटलाय, वस्तीतली निम्मी माणसं गोठलेली आहेत, कोठारात आठ दिवसांचं अन्न. खेळाडूंनी स्वतःहून वस्तीतल्या कोणाला काही विचारलं का, ते मोजा. नुसतं बघत बसले तर टप्पा ३ किंवा ७ कच्चा राहिलाय.

माझ्या पहिल्या चाचणीत दोन गोष्टी फसल्या. एक, गोठण लागलेल्या सोबत्याला आमच्या फायटरने (लढवय्या पात्राने) ढालीसारखं उचलून बोगद्यात पुढे धरलं. इजा निम्मी ना! हसून हसून पुरेवाट झाली, पण नियमात ओळ वाढवावी लागली: उचलून हलवलं की गोठण तुटते. दोन, गाठी कागदावर लिहिल्या तर कोणाच्या लक्षातच राहत नव्हत्या. दुसऱ्या वेळी किराणा दुकानातली सुतळी कापून वाटली, खऱ्या गाठी मारायला लावल्या. तेव्हापासून कोणी विसरलं नाही. उलट ‘माझी गाठ तुझ्याकडे आहे ना?’ हे वाक्य पिझ्झाचे पैसे देतानाही ऐकू यायला लागलं.

शक्य असेल तर त्या प्रदेशातल्या माणसाला मसुदा दाखवा. सापडलं नाही कोणी, तर उलट करून बघा: संस्कृतीच्या जागी आपलं गाव घाला, किपूच्या जागी तलाठ्याचं दप्तर, मृत राजाच्या जागी पालखीतल्या पादुका, आणि पुन्हा वाचा. ज्या वाक्याला मान खाली जाते ते वाक्य बदला.

## आणि आता टोप

आता चित्रकार मित्राला फोन करा. त्याला ‘इंकांसारखं काहीतरी’ असं सांगू नका, वही हातात द्या.

आमच्या होरुकांना शेवटी लोकरीची कानटोपी मिळाली. तिच्या मागे एक दोरी लोंबते. रात्री झोपताना तिला ज्याच्याकडे राखणीची पाळी आहे त्याने गाठ मारायची आणि सकाळी हलवून उठवलं की त्यानेच ती सोडायची. गेल्या रविवारी एका खेळाडूच्या होरुकला परक्या गावात जाग आली. त्याने पहिलं काय केलं असेल, तर मागे हात नेऊन दोरी चाचपली. गाठ तशीच होती. मारणारा खोलीत नव्हता.